चक्रांचे खडे घेताना : दगडाचे पैसे किती, आश्वासनाचे किती?

सात चक्रांच्या खड्यांचा संच मोबाइलवर दोनशे रुपयांना मिळतो आणि एकवीसशेलाही मिळतो. दोन्ही डब्यांतले दगड बहुधा एकाच जातीचे असतात, कधीकधी एकाच गावात घासलेले असतात. मग मधले एकोणीसशे रुपये कशाचे? हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. पवनार, सेवाग्राम, वर्धा आणि नागपूर या टापूतला ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. ध्यान, जप, योगाभ्यास करणारी माणसे या भागात घरोघरी आहेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच त्या श्रद्धेच्या नावावर त्यांचे पैसे उकळले जाऊ नयेत, असे तळमळीने वाटते.

सगळ्या लेखाचे सार आधीच सांगतो. दगडाचे पैसे द्या, तो घासणाऱ्या हातांचे द्या, घडणावळीचे द्या. ‘बरे होण्याच्या’ आश्वासनाचा एक रुपयाही देऊ नका.

बाजारात कोणत्या चक्राला कोणता खडा?

आज दुकानांत आणि संकेतस्थळांवर साधारण ही जोडी दिसते :

- मूलाधार, लाल : रेड जॅस्पर, गार्नेट, हेमॅटाइट
- स्वाधिष्ठान, केशरी : कार्नेलियन, म्हणजे तांबूस-केशरी अकीक
- मणिपूर, पिवळा : सिट्रीन (सुनेला), टायगर आय
- अनाहत, हिरवा : ग्रीन अ‍ॅव्हेंच्युरिन, काही संचांत गुलाबी रोझ क्वार्ट्झ
- विशुद्ध, निळा : लॅपिस लाझुली (लाजवर्द), फिरोजा, अ‍ॅक्वामरीन
- आज्ञा, गडद निळा : सोडालाइट, लॅपिस, कधी अ‍ॅमेथिस्ट
- सहस्रार, जांभळा किंवा पांढरा : अ‍ॅमेथिस्ट (जमुनिया), स्वच्छ स्फटिक

दोन संचांत एकाच चक्राला वेगवेगळे खडे दिसले तर गोंधळू नका. ही यादी कुणा एका ग्रंथात ठरलेली नाही, ती बाजारात रूढ झाली आहे. त्यामुळे ‘तुमच्या संचात चुकीचा खडा आहे, आमचा घ्या’ असे कुणी सांगितले तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे कारण नाही.

रंगांचा क्रम कुठून आला?

तांबडा, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा हा इंद्रधनुष्याचा क्रम प्राचीन आहे असे सांगून संच विकले जातात. प्रत्यक्षात चक्रांचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन असलेला ग्रंथ म्हणजे बंगालमधील पूर्णानंदांचा ‘षट्चक्रनिरूपण’. तो १५७७ सालचा. त्यातले कमळांच्या पाकळ्यांचे रंग असे : मूलाधार तांबडे, स्वाधिष्ठान शेंदरी, मणिपूर पावसाने भरलेल्या ढगासारखे काळसर, अनाहत बंधूकाच्या, म्हणजे आपल्या तांबड्या दुपारीच्या फुलासारखे लाल, विशुद्ध धुरकट जांभळे, आज्ञा चंद्रासारखे पांढरे आणि वरचे सहस्रदल कमळही शुभ्र. हिरवे अनाहत किंवा पिवळे मणिपूर त्यात नाही.

चक्रांची संख्याही सगळीकडे सारखी नाही. नाथपंथाच्या ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’त नऊ चक्रे सांगितली आहेत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे विस्तृत वर्णन आहे, पण कोणत्या चक्रावर कोणता खडा ठेवावा हे त्यात कुठेही सांगितलेले नाही.

इंग्रजी वाचकांपर्यंत पूर्णानंदांचा ग्रंथ सर जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये ‘द सर्पंट पॉवर’ या पुस्तकातून पोचवला. थिऑसॉफिकल सोसायटीच्या लेडबीटर यांचे ‘द चक्राज’ १९२७ मध्ये आले. आजचा सप्तरंगी क्रम रुळला तो त्यानंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाश्चात्त्य देशांतल्या योगवर्तुळांत. ख्रिस्तोफर हिल्स यांच्या १९७७ च्या ‘न्यूक्लिअर इव्होल्यूशन’ या पुस्तकाचा त्यात मोठा वाटा आहे. खड्यांची यादीही याच काळात या रंगांमागोमाग जुळवली गेली.

आपल्याकडे खड्यांची परंपरा नाही असे मुळीच नाही. नवरत्ने आणि नवग्रह यांची सांगड जुनी आहे, स्फटिकाची माळ आणि स्फटिकाचे शिवलिंग पूजेत आहेत. पण ती परंपरा ग्रहांची आणि देवपूजेची आहे, चक्रांची नाही. ग्राहकाने यातून एवढेच घ्यायचे : रंग आवडला म्हणून खडा घ्यायला हरकत नाही, पण ‘पाच हजार वर्षांचे शास्त्र’ या शब्दांपोटी किंमत वाढवून द्यायची गरज नाही.

हे दगड मुळात काय आहेत?

वरच्या यादीतले जॅस्पर, कार्नेलियन, सिट्रीन, टायगर आय, रोझ क्वार्ट्झ, अ‍ॅमेथिस्ट आणि स्फटिक हे सगळे एकाच द्रव्याचे, सिलिकाचे प्रकार आहेत. अ‍ॅव्हेंच्युरिनही बहुतांशी तेच. आपल्या वावरात नांगराला लागणारी गारगोटीसुद्धा सिलिकाच. लोहाच्या अंशाने जॅस्पर आणि कार्नेलियन तांबडे होतात. लोहाचाच अंश आणि जमिनीतला नैसर्गिक किरणोत्सर्ग यांमुळे स्फटिक जांभळा होतो, तो अ‍ॅमेथिस्ट. अ‍ॅव्हेंच्युरिनचा हिरवा रंग त्यातल्या हिरव्या अभ्रकाच्या कणांचा. लॅपिस, सोडालाइट, फिरोजा, गार्नेट आणि हेमॅटाइट मात्र वेगळी खनिजे आहेत.

सिलिका पृथ्वीच्या कवचात विपुल आहे. म्हणून यातले बहुतेक खडे दुर्मिळ नाहीत आणि महागही नाहीत. त्यात वर्धा जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. लाव्हा थंड होताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये पुढे अकीक, स्फटिक, झिओलाइट अशी खनिजे तयार झाली. जळगाव, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), नाशिक, पुणे या भागांतले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि नाशिकजवळ सिन्नरचे गारगोटी संग्रहालय खास त्यांच्यासाठीच उभे आहे.

विदर्भाला मण्यांचा जुना इतिहास आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला अकीक, कार्नेलियन, जॅस्पर, स्फटिक यांचे मणी घडवण्याचे मोठे केंद्र होते, हे तिथल्या उत्खननांतून दिसून आले. पवनारलाही नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये उत्खनन केले. दुसऱ्या प्रवरसेनाची वाकाटक राजधानी प्रवरपूर म्हणजेच हे पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. म्हणजे ‘परदेशी ऊर्जा’ म्हणून डब्यात येणारे दगड आपल्या पूर्वजांनी दोन हजार वर्षांपूर्वी हौसेने गळ्यात घातले आहेत.

यातूनच एक सावधगिरी निघते. ‘उत्खननात सापडलेले प्राचीन मणी’ कुणी विकायला आणले तर घेऊ नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या पुरावशेष कायद्याने परवाना लागतो. जमिनीत मौल्यवान ठेवा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गावातल्या जुन्या पांढरीत उकराउकर करू नये.

सध्याचे भाव

खालचे आकडे किरकोळ बाजारातले ढोबळ अंदाज आहेत. दर्जा, आकार आणि दुकान यांनुसार ते वरखाली होतील, पण यापलीकडची किंमत सांगितली तर कारण विचारावे, इतपत ते उपयोगी आहेत.

- घासून गुळगुळीत केलेला एक खडा, साधारण दोन-अडीच सेंटिमीटर : ३० ते १५० रुपये. लॅपिस किंवा नैसर्गिक सिट्रीन असेल तर १०० ते ३०० रुपये.
- सात खड्यांचा साधा संच, कापडी पिशवीत : २०० ते ६०० रुपये.
- हाच संच, खड्यांवर चिन्हे कोरून लाकडी डब्यात : ६०० ते १,५०० रुपये.
- सात रंगांच्या ८ मिलिमीटर मण्यांचे ब्रेसलेट : १५० ते ५०० रुपये.
- खऱ्या स्फटिकाची १०८ मण्यांची माळ : ५०० ते ३,००० रुपये. मणी जितके मोठे, स्वच्छ आणि पैलू पाडलेले, तितका भाव चढा.
- तळहाताएवढा अ‍ॅमेथिस्टचा स्फटिकगुच्छ : ५०० ते २,००० रुपये.
- लोलक : १५० ते ४०० रुपये.
- रंगीत खड्यांचा चुरा घातलेला पिरॅमिड : २५० ते ९०० रुपये. हा बहुतांशी रेझिन, म्हणजे प्लास्टिकचा असतो.
- चांदीत मढवलेले पदक : चांदीचे वजन, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि खडा यांची बिलात वेगवेगळी नोंद मागा.

खड्याचे वजन ग्रॅममध्ये किंवा कॅरेटमध्ये विचारा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, हे माप जगभर सारखे आहे. रत्तीचे तसे नाही. कच्ची रत्ती, पक्की रत्ती असा फरक दुकानागणिक पडतो आणि तुलना करता येत नाही.

एका संचाचा हिशेब

सात खडे, प्रत्येकी दहा ग्रॅमचे धरले तर संच सत्तर ग्रॅमचा होतो. साध्या जातीचे घासलेले खडे घाऊक बाजारात किलोला सुमारे पाचशे ते हजार रुपयांना मिळतात. म्हणजे संचातल्या दगडांची घाऊक किंमत पस्तीस ते सत्तर रुपये. त्यावर निवड, पिशवी, वाहतूक, दुकानाचे भाडे, कर आणि दुकानदाराचा रास्त नफा धरला तरी दोनशे रुपयांना संच देणारा तोट्यात जात नाही. सहाशेला डबा आणि कोरीव काम मिळते. ते आवडत असेल तर तोही खर्च योग्यच.

मात्र ‘सिद्ध केलेला’, ‘अभिमंत्रित’, ‘ऊर्जा भरलेला’, ‘तुमच्या जन्मतारखेनुसार निवडलेला’ असे शब्द लागले की तोच संच एकवीसशे किंवा एकावन्नशे रुपयांचा होतो. ही वाढीव रक्कम कोणत्याही मापात मोजता येत नाही, परत मागता येत नाही आणि तिची तपासणीही करता येत नाही. तुम्हाला संस्कार करायचाच असेल तर तो घरच्या देवघरात स्वतः करा. त्याला खर्च नाही.

खरा की खोटा : घरच्या घरी करायच्या चाचण्या

काही गोष्टी पाहताक्षणी संशय घ्यायच्या. भडक गुलाबी किंवा गडद निळा अकीक बहुतेक वेळा रंगवलेला असतो. ‘चेरी क्वार्ट्झ’, ‘ओपलाइट’ आणि चमचमता ‘गोल्डस्टोन’ या मानवनिर्मित काचा आहेत. स्वस्त फिरोजा म्हणून पुष्कळदा रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट येतो. लोहचुंबकाला जोरात चिकटणारे ‘हेमॅटाइट’ मणी कारखान्यात बनवलेले असतात. बाजारातला बहुतेक सिट्रीन म्हणजे भट्टीत तापवलेला अ‍ॅमेथिस्ट. बुडाशी पांढरा आणि टोकाला करपट नारिंगी असेल तर तो तापवलेला समजावा. तापवणे ही फसवणूक नव्हे, कार्नेलियनचा तांबडा रंग खुलवण्यासाठी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तो तापवत आले आहेत. पण दुकानदाराने तसे सांगायला हवे आणि किंमत त्याप्रमाणे घ्यायला हवी.

चाचण्या अशा :

*भिंग.* दहापट भिंग दीडशे-दोनशे रुपयांत मिळते. आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच. नैसर्गिक खड्यात धुरकट पट्टे, भेगा, सूक्ष्म कण दिसतात.

*कापूस.* नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस भिजवून खड्याच्या न दिसणाऱ्या बाजूला घासा. रंग कापसाला लागला तर खडा रंगवलेला आहे.

*घनता.* ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा घ्या. आधी खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा आणि खडा दोऱ्याला बांधून, तळाला व कडेला न टेकवता, पूर्ण बुडवा. आता दिसणारा आकडा म्हणजे खड्याचे आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. वजनाला त्याने भागा. ५३ ग्रॅमचा खडा बुडवल्यावर काट्यावर २० आला तर घनता २.६५, म्हणजे स्फटिक वर्गाशी जुळते. साधी काच बहुधा २.५ च्या आसपास, लॅपिस २.७ ते २.९, खरा हेमॅटाइट पाचाच्या वर आणि रेझिन जेमतेम १.१ ते १.२. खडा जितका मोठा, तितके उत्तर खात्रीचे. छोट्या मण्यावर हा प्रयोग करू नका.

*केस.* स्फटिकाचा गोळा घेत असाल तर कागदावर एक केस ठेवून गोळ्यातून पाहा आणि गोळा फिरवत राहा. खऱ्या स्फटिकातून बहुतेक दिशांनी केस दुहेरी दिसतो, काचेतून एकेरीच राहतो.

प्रयोगशाळेत वाढवलेला क्वार्ट्झ या चाचण्यांत पकडला जात नाही, कारण त्याची घनता आणि रचना नैसर्गिक स्फटिकासारखीच असते. त्यासाठी रत्नपरीक्षणाची प्रयोगशाळाच लागते.

प्रमाणपत्राचा खर्च कधी करावा?

जयपूरची (पूर्वी ‘जेम टेस्टिंग लॅबोरेटरी’ म्हणून ओळखली जाणारी) प्रयोगशाळा किंवा मुंबईतली इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट यांसारख्या संस्था रत्न तपासून अहवाल देतात. तपासणीचा खर्च काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत, शिवाय टपाल आणि विमा वेगळा. तीनशेच्या खड्यासाठी हे परवडत नाही. पाच हजारांच्या वर खर्च असेल तर मात्र ‘अहवाल वेगळा निघाला तर पैसे परत’ असे बिलावर लिहून घेऊन तपासणी करून घ्यावी.

संचासोबत येणारे प्लास्टिकचे ‘ओरिजिनल’ कार्ड म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. खऱ्या अहवालावर त्या एका खड्याचे वजन, माप, खनिजाचे नाव, त्यावर केलेली प्रक्रिया आणि पडताळता येईल असा क्रमांक असतो. आणि कोणताही अहवाल दगड कोणता आहे एवढेच सांगतो. तो काय गुण देईल हे सांगत नाही.

खरेदी कुठे करावी?

पवनारहून वर्धा आठ-दहा किलोमीटर, नागपूर साधारण सत्तर. साधा संच हवा असेल तर त्यासाठी नागपूर गाठू नका, प्रवासाचेच दोन-अडीचशे रुपये होतील. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, हे लक्षात ठेवा. स्फटिकाची चांगली माळ किंवा चांदीत मढवलेला खडा घ्यायचा असेल तर मात्र नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्यात तीन-चार दुकाने फिरून, हातात घेऊन, तुलना करून घेणे चांगले.

ऑनलाइन घेताना वस्तूच्या पानावर मूळ देश, आयातदाराचे किंवा विक्रेत्याचे नाव-पत्ता, तक्रार अधिकारी आणि परतीची मुदत पाहा. ही माहिती देणे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी बंधनकारक आहे. डबा उघडताना मोबाइलवर सलग चित्रफीत काढा. फुटलेला किंवा भलताच खडा निघाला तर हाच पुरावा उपयोगी पडतो.

‘सत्रां’चा आणि वर्गांचा खर्च

खड्यांपेक्षा मोठा खर्च इथे होतो. अंगावर खडे ठेवून तासाभराच्या सत्राचे पाचशे ते तीन हजार रुपये घेतले जातात. मोबाइलवरून ‘दूरस्थ’ सत्रही विकले जाते. शिकवण्याचे वर्ग दोन हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत जातात. पहिल्या सत्रात ‘तुमची तीन चक्रे बंद आहेत’ असे निदान निघते आणि मग सात, एकवीस किंवा चाळीस सत्रांची योजना पुढे येते. हजार रुपयांचे सत्र एकवीस वेळा म्हणजे एकवीस हजार. पहिल्या दिवशी हा गुणाकार स्वतः करा.

चक्र बंद आहे की उघडे, हे मोजणारे कोणतेही सिद्ध झालेले उपकरण नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी ऐंशी स्वयंसेवकांच्या हाती खडे देऊन त्यांना ध्यान करायला सांगितले. काहींना खरा स्फटिक दिला, काहींना नकली, आणि कोणाला काय मिळाले हे सांगितले नाही. ऊब, मुंग्या, शांत वाटणे असे अनुभव दोन्ही गटांत सारखेच आले. म्हणजे लोकांना आलेला अनुभव खोटा नव्हता, पण तो दगडाच्या खरेपणावर अवलंबूनही नव्हता. शांत बसण्याचा आणि श्वासाकडे लक्ष देण्याचा लाभ मिळायला खडा महागच हवा असे नाही.

झोप लागत नाही, छातीत धडधडते, मन उदास आहे म्हणून कुणी चक्रांकडे वळत असेल तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय पवनारपासून जवळ आहे. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. साखर, रक्तदाब किंवा झटके यांवरची गोळी खड्याच्या भरवशावर कुणीही बंद करू नये. तो खर्च रुपयांत भरून निघत नाही.

खडे टिकावेत म्हणून

अ‍ॅमेथिस्ट आणि रोझ क्वार्ट्झ सतत उन्हात ठेवले तर फिके पडतात. सेलेनाइट हे जिप्सम आहे, पाण्याने खराब होते. मॅलाकाइटमध्ये तांबे असते, पायराइट ओलाव्याने गंजतो. त्यामुळे खडा पाण्यात बुडवून ते पाणी पिण्याचा सल्ला मानू नका आणि खडा घातलेल्या हजार-दोन हजारांच्या बाटल्याही घेऊ नका. साधे खडे कोमट पाण्याने व मऊ कापडाने पुसले की पुरे. ‘शुद्धीकरणा’चे खास द्रव, धूप, वाट्या हा सगळा वरचा खर्च आहे. लहान मुलांच्या हाती खडे देऊ नका, ते गिळले जातात.

घासणारे हात

आपल्याकडे येणाऱ्या अकीक, कार्नेलियन, जॅस्परच्या खड्यांचा मोठा हिस्सा गुजरातेत खंभातला घडतो. तिथल्या अकीकाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जयपूर हे दुसरे मोठे केंद्र. दगड कोरडा घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही, आणि खंभातच्या कारागिरांमध्ये तो दशकानुदशके नोंदवला गेला आहे. घराघरांत चालणाऱ्या या कामात बायका आणि मुलेही तीच धूळ श्वासात घेतात.

शंभर रुपयांच्या दगडासाठी वीस रुपयांची घासाघीस करायची आणि पुढच्याच दुकानात ‘ऊर्जे’चे दोन हजार न बोलता मोजायचे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. दगड घासणाऱ्याला त्याच्या कामाचा वाटा मिळतो तो पहिल्या शंभरातून. विक्रेत्याला विचारा, माल कुठे घासला, पाण्याची धार सोडून घासला का, धूळ ओढणारी यंत्रे आहेत का. उत्तर मिळेलच असे नाही, पण ग्राहक विचारू लागले तर विक्रेत्यांना उत्तर शोधावे लागेल. घरी मशीन आणून दगड कोरडा कापू किंवा घासू नका, हेही त्यातच आले.

पवनारात बिनखर्चाचे काय?

धाम नदीच्या काठी विनोबा भावे १९३८ मध्ये राहायला आले. १९५० मध्ये त्यांनी इथेच कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला : पैशावर न विसंबता, स्वतःच्या हाताने माती खणून, पाणी ओढून, पिकवून जगायचे. १९५९ मध्ये बहिणींच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले, ते आजही चालू आहे. आश्रमाच्या जमिनीत सापडलेल्या भरतभेटीसारख्या प्राचीन शिल्पांचे दर्शन तिथे घडते. आश्रमात जाऊन शांत बसायला शुल्क नाही, काहीही विकत घ्यावे लागत नाही. मुक्काम करायचा असेल तर आधी पत्र किंवा फोन करून परवानगी घ्यावी आणि तिथल्या दिनचर्येत सामील व्हावे.

हातात धरायला एखादा दगड हवाच असेल तर स्वतःच्या शेताच्या बांधावर गारगोटी शोधा. धुऊन, पुसून ती देवघरात ठेवा. ती त्याच सिलिकाची आहे.

फसवणूक झाली तर

रोगाचे नाव घेऊन ताईत, कवच, मंत्र किंवा अशा दैवी उपायाची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा ठरू शकते. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार त्या कायद्याच्या यादीत आहेत. चमत्काराचा देखावा करून पैसे उकळणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसते; त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

भलताच माल, खोटे वर्णन, पैसे परत न देणे यासाठी आधी विक्रेत्याला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तरी दाद लागली नाही तर वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. मात्र या सगळ्यासाठी हाती बिल हवे.

पैसे देण्याआधी सहा प्रश्न

१. खनिजाचे नाव काय? बिलावर ‘सात चक्र संच’ नको, खड्यांची नावे हवीत.
२. नैसर्गिक, तापवलेला, रंगवलेला, की काच? हेही बिलावर लिहून द्याल का?
३. वजन किती ग्रॅम, आणि ग्रॅममागे भाव काय पडतो?
४. परत घेण्याची मुदत किती दिवस?
५. माल कुठून आला, कुठे घासला?
६. हा खडा ज्या गुणासाठी विकताय, तो गुण बिलावर लिहून द्याल का?

सहावा प्रश्न शांतपणे विचारा. पहिल्या पाचांची उत्तरे प्रामाणिक दुकानदार आनंदाने देईल. सहाव्याचे उत्तर ‘लिहून देता येणार नाही’ असे आले तर त्या गुणापोटी सांगितलेली रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. उरलेल्या पैशात खडा मिळाला तर जरूर घ्या, आवडीने वापरा. नाही मिळाला तर पुढचे दुकान आहे.